हिरव्या टोपणातला निळा प्लग

मी एका प्लगला खोटा सदरा घातला आणि त्याचा दोष एका चांगल्या माणसाच्या हातांवर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो. कामाच्या आठवणी लिहायला बसलं की माणूस पहिल्यांदा आपली हुशारी मांडतो आणि चूक शेवटी कुठेतरी दोन ओळींत उरकतो. मला तसं करायचं नाही.

मी बसवकल्याणचा. काचेच्या तारेचं, म्हणजे फायबरचं काम करत माझं अर्धं आयुष्य गेलं. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत ज्या घरांत टीव्ही किंवा इंटरनेट तारेने येतं, त्यांतल्या बऱ्याच घरांत मी चपला काढून आत गेलेलो आहे. लोकांना वाटतं, तारेतून करंट येतो. करंट नाही, उजेड येतो. केसाएवढी काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो. दोन तारा कायमच्या जोडायच्या असतील तर जॉइंट मारतात: मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर धरायची, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. जिथे काढ-घाल करायची असते तिथे प्लग लावतात. प्लगच्या तोंडाशी एक पांढरी बारीक नळी असते, तिच्या मधोमध ती काच. ते टोक घासून इतकं गुळगुळीत करायचं की उजेडाला कळूच नये आपण एका तारेतून दुसरीत आलो. या घासण्याला आम्ही पॉलिश म्हणतो.

आता पॉलिश कारखान्यात यंत्रावर होऊन येतं. मी शिकलो तेव्हा हाताने करत. हैदराबादच्या एका वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या उस्तादाकडे मी सात महिने फक्त घासत होतो. काचेच्या पाटीवर पातळ पॉलिशचा कागद, त्यावर प्लगचं टोक धरून इंग्रजी आठाचा आकडा गिरवायचा. मी जोर लावला की उस्ताद ओरडायचे, "हात हल्लू रखो मियाँ, रोटी नै बेल रै!" मग सूक्ष्मदर्शकात बघायचं. एक ओरखडा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. त्या सात महिन्यांचा मला फार गर्व होता. पुढे घात त्या गर्वानेच केला.

पॉलिशचे मुख्य प्रकार दोन, आणि ते ओळखता यावेत म्हणून प्लगच्या वरच्या टोपणाला रंग दिलेले असतात. निळ्याचं टोक सरळ, किंचित गोलाई दिलेलं. दोन मोसंबी टेकवली की मधोमधच टेकतात, तशा दोन्ही काचा बरोबर मधोमध भेटतात. हिरव्याचं टोक आठ अंश तिरपं. ते कशासाठी? उजेड कुठल्याही टोकावर पोचला की त्यातला कणभर मागे फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर परत येते तसा. निळ्यातही तो थोडा फिरतोच. टोक तिरपं असलं की तो सरळ मागे न जाता बाजूला फेकला जातो आणि तिथेच विरतो. साध्या इंटरनेटला हा माघारी आलेला उजेड फारसा बाधत नाही, म्हणून तिथे निळा पुरतो. पण ज्या तारेतून टीव्हीचं चित्रही उजेडाच्याच रूपात जातं, तिथे तो चित्र नासवतो. तिथे हिरवाच हवा.

लोक विचारतात, दोघांतला चांगला कोणता? असं काही नसतं. तार काय वाहून नेणार आहे ते बघायचं आणि समोर काय बसवलंय ते बघायचं. निळ्यासमोर निळा, हिरव्यासमोर हिरवा. गंमत अशी की दोघांचं माप एकच. निळा प्लग हिरव्याच्या जागेत खट्ट आवाज करून आरामात बसतो. पण सरळ टोक आणि तिरपं टोक समोरासमोर आली की मध्ये फट राहते, तिथे उजेड सांडतो आणि माघारीही फिरतो. बाहेरून काही दिसत नाही.

रंगांवरून आमच्या भागात वेगळेच पेच पडतात. बसवकल्याणचे एक कापडवाले अण्णा मी हिरवा प्लग लावताना बघून अस्वस्थ झाले.

"हिरवा कामून लावायलास? निळा न्हाई का?"

"टीव्हीला हिरवाच लागतो, अण्णा."

"आन् केशरी?"

"कंपनीला अजून सुचला न्हाई."

पुढच्या खेपेला बघतो तर त्यांच्या बायकोने तो प्लग लागतो त्या इंटरनेटच्या डब्याला केशरी कापडाची पिशवी शिवलेली. डबा आत गुदमरून तापत होता. मी पिशवी काढली, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या की, ह्यांना बरं वाटतंय." शेवटी पिशवीला खालून भोकं पाडली.

अफजलपूरकडे एका उसाच्या वजनकाट्यावर खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी लाइन बंद पडली. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, सगळे मला शिव्या घालतायत. मी तपासून तपासून दमलो. शेवटी प्लग काढला तर टोकाला हळदीकुंकू! काट्यावरचे अप्पा आदल्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा करताना हा प्लगही उपसून, टोकाला बोट लावून परत खुपसून बसले होते. मी स्पिरिटने पुसायला लागलो तसे ते हात जोडून म्हणाले, "देवाचं हाय, पायाखाली टाकू नका." मी तो लाल झालेला कापूस कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. दोन मिनिटांत काटा सुरू झाला.

असे किस्से मी कितीतरी सांगू शकतो. ज्या एकाची लाज वाटते तो आजवर कुणाला सांगितला नाही.

हुमनाबादला एका केबलवाल्याकडे मी कंट्रोल रूम सांभाळत होतो. जॉइंट मारणारा होता राजरत्न. निर्णा गावचा. त्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, वडील दुसऱ्याच्या शेतात राबले आणि हा आमच्याकडे खड्डे खणायला आला होता. खांबाखाली बसून जॉइंट मारणाऱ्याकडे बघत बघत शिकला. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी तो तार पुसायचा. मशीन जॉइंटमधला तोटा आकड्यात दाखवतं. त्याचा आकडा जवळपास शून्यच यायचा, आणि तरी तो मला फोन करून विचारायचा, "अण्णा, ठीक हाय का बघा बरं." मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून अण्णा. माझ्या लेकीच्या लग्नात त्याने दोन दिवस पाणी वाढलं होतं.

निर्ण्याची लाइन ही त्याची लाइन. मालक तयार नव्हते, त्याने मागे लागून ती ओढून घेतली. वाटेत अकरा जॉइंट, अकराही त्याचे. त्या वर्षी हुमनाबादची आंबेडकर जयंतीची सभा आमच्या लोकल चॅनेलवर दाखवायची ठरली आणि तिथे राजरत्नच्या मुलीचं, वैशालीचं, भाषण होतं. पोरगी दहावीत. निर्ण्याच्या समाजमंदिरात मोठा टीव्ही मांडला होता. राजरत्न सभेला न जाता गावात थांबला. का, तर आईच्या शेजारी बसून बघायचं होतं.

दोन दिवस आधी साफसफाई करताना निर्ण्याच्या लाइनचा हिरवा प्लग माझ्या हातून फरशीवर पडला. टोकाचा टवका उडाला. प्लग पडतात, त्यात गुन्हा नाही. पण शिल्लक हिरवे संपले होते आणि ते मागवून ठेवणं माझं काम होतं. हैदराबादहून यायला तीन-चार दिवस लागणार. मालकांना सांगायची मला शरम वाटली. माझ्याकडे जुनं हाताने घासायचं सामान होतं, पण तिरपं घासायचा साचा नव्हता, फक्त सरळ. मी म्हटलं, आठ अंशांनी असा काय फरक पडतो? उस्तादाचा शागीर्द आहे मी. एक सरळ टोक घासून असं तयार केलं की सूक्ष्मदर्शकात आरशासारखं दिसत होतं. मग फुटलेल्या प्लगचं हिरवं टोपण सरकवून काढलं आणि ते माझ्या या निळ्या जातीच्या प्लगवर चढवलं. हिरव्या जागेत हिरवा प्लग. कोण बघतंय?

मालक डोकावले. "समदं हिरवं हाय न्हवं?"

"व्हय मालक."

त्या दिवशी चित्र जेमतेम चाललंही. जयंतीच्या दिवशी सभेच्या चॅनेलची भर पडली, तेवढा भार त्या जेमतेम चित्राला सोसला नाही आणि दुपारी राजरत्नचा फोन आला.

"अण्णा, चित्र फुटायलंय. चौकोन चौकोन दिसायलेत. वैशू उभी राहिलीय, बघा की लवकर!"

मी त्या प्लगकडे बघत उभा होतो. मला कळलं होतं. दुसऱ्या एखाद्या गावाचा हिरवा प्लग काढून दहा मिनिटं निर्ण्याला लावता आला असता. पण त्या गावाचा फोन आला असता, मालकांनी विचारलं असतं, आणि सगळं बाहेर आलं असतं. मी फोनवर "बघतो, बघतो" म्हणत राहिलो. पलीकडून त्याच्या आईचा आवाज ऐकू येत होता, "पोरगी कुठं गेली रं? कामून थांबली?" पडद्यावर वैशालीचं तोंड उघडं राहून चित्र थिजलं ते भाषण संपेपर्यंत हललं नाही.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, खराबी कुठे आहे? लाइन तपासायचं मीटर माझ्याकडे असायचं. मीटरच्या आलेखात लाइनच्या सुरुवातीला एक उंच टोक नेहमीच दिसतं, त्यामुळे सुरुवातीची खराबी त्यात लपून जाते. वाचता येणारा माणूस मी एकटा. मी म्हणालो, "जॉइंटमध्ये हाय, मालक. गडबडीत मारलेत त्यानं."

मालकांनी दुसरं काही विचारलं नाही. तिथे बसलेला एकजण म्हणाला, "ह्या लोकांचं काम असंच." आणि दोघेतिघे हसले. मी शेतकरी घरचा, त्यांच्यातला. ते वाक्य ऐकून मी कागद चाळायला लागलो. आज इतक्या वर्षांनी मला त्या प्लगपेक्षा ते कागद चाळणं जास्त टोचतं. माझं खोटं इतक्या सहज का खपलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. उलट त्याने माझं नाव घेतलं असतं तर मालकांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी येऊन सगळे प्लग तपासले असते.

कलबुर्गीहून दुसरा माणूस बोलावला. त्याने अकराच्या अकरा जॉइंट तोडून नव्याने मारले. त्याच दिवशी हैदराबादचं पार्सल आलं आणि मी गुपचूप खरा हिरवा प्लग लावला. चित्र आरशासारखं स्वच्छ झालं. मालक खूश. "बघ, जॉइंटच व्हते." राजरत्नला जॉइंटवरून काढून खांबावर चढायला लावलं.

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूममध्ये आला आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"अण्णा, हात कापायलाय का माझा? नीट बघा बरं. मला तर कळंना."

मी बघितले. दगडासारखे स्थिर होते. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, वयानं." चाळिशीही न गाठलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

तो बिदरला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, तरी त्याने हट्टाने चष्मा करून घेतला. वर्षभराने काम सोडून हुमनाबादच्या डाळ मिलमध्ये लागला. आणि मी? मी नव्या लोकांना शिकवायला लागलो. घाईने मारलेला जॉइंट कसा नडतो हे सांगताना मी निर्ण्याच्या लाइनचं उदाहरण द्यायचो. एकदा नाही, दरवेळी. खोटं एवढ्यांदा बोललो की ते मला पाठ झालं होतं.

यंदा उन्हाळ्यात, नऊ वर्षांनी, त्याचा फोन आला.

"अण्णा, ट्रॅक्टरच्या नांगरात अडकून घरची तार तुटलीय. वैशू घरूनच कंपनीचं काम करते आता. कंपनीवाले परवा येतो म्हणायलेत. तुमी याल का?"

"अरे, तुझ्या मिलशेजारच्या दुकानात भाड्यानं मशीन मिळतंय की. तूच मार ना."

"न्हाई अण्णा. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मी मशीन घेऊन निर्ण्याला गेलो. अंगणात कडुनिंबाखाली सतरंजी घालून ठेवली होती. त्याची आई सरूबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होती, आता पार वाकलेली. वैशाली चहा घेऊन आली, लॅपटॉप काखेतच. "काका, दोन वाजता मीटिंग हाय हो," म्हणाली. मी तार सोलली आणि मशीन राजरत्नपुढे सरकवलं.

"बस."

"चेष्टा करायलाव का?"

"माझा चष्मा राहिला घरी," मी खोटं बोललो. चष्मा खिशात होता. "मला टोक दिसंना. मीटिंग हाय पोरीची."

त्याने मशीन थोडं जवळ ओढलं. मग बनियनला हात पुसले, स्पिरिट घेतलं आणि तार पुसली. तशीच, बाळाचं तोंड पुसावं तशी. कापली, ठेवली, झाकण लावलं. ठिणगी पडली. पडद्यावर आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य एक. आतून वैशाली ओरडली, "आलं! नेट आलं, पप्पा!"

राजरत्न आकड्याकडे बघून हसला. "नशीब म्हणायचं, अण्णा. एखादा लागतोय असा."

ते 'नशीब' मला सहन झालं नाही. मी तिथेच सतरंजीवर सगळं सांगितलं: पडलेला प्लग, सरळ घासलेलं टोक, वर चढवलेलं हिरवं टोपण, मीटर, मालक, ते हसणं, माझं कागद चाळणं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

त्याने मशीनचं झाकण उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. मग अगदी हळू म्हणाला, "नऊ वर्षं अण्णा. जेवताना भाकरी मोडताना बी मी हाताकडं बघायचो. तुमी शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, चाललं असतं. माझ्या मनात माझ्याच हाताबद्दल…"

मी त्याच्या पायाकडे हात नेला तसे त्याने पाय मागे घेतले.

"पाया पडू नका. आमच्यात चालत न्हाई ते. आन् मला सांगून काय उपयोग? त्या दिवशी समाजमंदिरात समद्यांपुढं म्हातारीला लोक म्हणाले, तुझ्या लेकानं घाण केली. नातीचं भाषण बघायला नवं लुगडं नेसून बसली व्हती ती. तिला सांगा."

मी उठून उंबऱ्यापाशी गेलो आणि सरूबाईंसमोर खाली बसलो. वैशाली दारात येऊन उभी राहिली. लॅपटॉपमधून कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं, तिने झाकण लावून टाकलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, "मावशी, माझी चूक झाली."

म्हातारीने सुपातून मान वर केली. "काय म्हणायलाय ह्यो?"

"आजीला ऐकू येत न्हाई, काका," वैशाली म्हणाली.

मी जरा आवाज चढवला. म्हातारीने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल की रं बाबा. तोंडातल्या तोंडात कामून बोलायलास?"

समोरच्या ओट्यावरचे दोघे इकडे बघायला लागले. हापशावरच्या बायका थांबल्या. राजरत्न कडुनिंबाखाली उभा होता, त्याने मला अडवलं नाही. मी उभा राहिलो, आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने म्हणालो,

"मावशी, राजरत्नचे जॉइंट चांगले व्हते! अकराच्या अकरा चांगले व्हते! खराबी माझ्या हातानं झाली, मी लपवली, आन् नाव त्याचं सांगितलं. नातीचं भाषण माझ्यामुळं बुडालं. तुमच्या लेकाची काही चूक नव्हती. मला माफ करा."